मूल रोलर कोस्टरसाठी तयार आहे का? खानदेशातील पालकांसाठी

धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या बहुतेक मुलांना रोलर कोस्टर पहिल्यांदा दिसतो तो मोबाइलच्या पडद्यावर. प्रत्यक्षात त्यात बसायचे असेल तर सुट्टीत खोपोलीजवळच्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानापर्यंत किंवा सुरतेकडच्या एखाद्या उद्यानापर्यंत जावे लागते. धुळ्याहून खोपोली तीनशे किलोमीटरहून लांब आहे आणि जळगावकरांना त्यात आणखी भर पडते. गाडीभाडे, मुक्काम आणि दरडोई तिकीट धरले तर पाच-सहा माणसांच्या कुटुंबाला ही सहल चांगलीच महाग पडते, आणि नेमका हाच खर्च पुढे निर्णयाच्या आड येतो. "एवढ्या लांब आलो आणि आता बसायचे नाही म्हणतोस?" असे सहा वर्षांच्या मुलाला रांगेत विचारले जाते, तेव्हा त्याच्या तयारीचा विचार कोणीही करत नसतो. पैसे वसूल व्हावेत, एवढाच विचार तिथे असतो.

त्यामुळे सर्वांत आधी एक नियम ठरवून घ्यावा, असे मला वाटते. मुलाला बसवायचे की नाही, याचा 'हो' घरीच ठरवावा. रांगेत गेल्यावर तो 'हो' मागे घेता येईल, पण घरी ठरलेला 'नाही' रांगेत बदलता येणार नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका नियमाच्या आधाराने वाचाव्यात.

पहिली पायरी : घरच्या भिंतीवर उंची मोजणे

प्रत्येक मोठ्या उद्यानात राईडच्या तोंडाशी उंचीची पट्टी असते. ही मर्यादा राईडनुसार बदलते. लहान मुलांच्या सौम्य कोस्टरला ती साधारणपणे ९० ते १०० सेंटीमीटर असते, मध्यम राईडला १२० च्या आसपास, तर उलटेपालटे करणाऱ्या मोठ्या कोस्टरला बहुधा १४० च्या आसपास. निघण्यापूर्वी त्या उद्यानाच्या संकेतस्थळावर किंवा फोनवरून प्रत्येक राईडची मर्यादा विचारून कागदावर लिहून घ्यावी आणि तो कागद मुलालाही वाचून दाखवावा.

मोजताना मुलाला अनवाणी उभे करावे. टाचा, पाठ आणि डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकवावी, नजर समोर ठेवायला सांगावी आणि डोक्यावर एक जाड वही काटकोनात धरून पेन्सिलने खूण करावी. सकाळी मोजलेली उंची संध्याकाळपेक्षा जवळजवळ एक सेंटीमीटर जास्त भरू शकते, म्हणून मूल मर्यादेच्या अगदी काठावर असेल तर संध्याकाळचे माप खरे धरावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यांनुसार पाच वर्षांच्या मुलामुलींची मध्यम उंची ११० सेंटीमीटरच्या जवळपास असते, सहाव्या वर्षी ती ११६ च्या आणि सातव्या वर्षी १२१ च्या आसपास जाते. याचा अर्थ असा की १२० ची पट्टी बरीच मुले सातव्या वर्षाच्या सुमारास ओलांडतात आणि १४० ची पट्टी दहाव्या वर्षानंतर. पाच वर्षांच्या मुलाला मोठ्या कोस्टरचे स्वप्न दाखवून नेणे म्हणजे दारातून रडत परत आणण्याची तयारी करणे होय. जाड तळव्याचे बूट घालून किंवा टाचा उचलायला शिकवून ही पट्टी चुकवणारे पालक असतात. ते काय चुकवत आहेत, हे त्यांना कोणी समजावून सांगितलेले नसते.

ते असे आहे. कोस्टरमध्ये माणसाला धरून ठेवते ते मांडीवर येणारे लॅप बार किंवा खांद्यांवरून छातीवर येणारे हार्नेस. गाडी चढावाच्या माथ्यावरून वेगाने खाली वळते, त्या क्षणी शरीर मात्र सरळ पुढेच जाऊ पाहते आणि आसनावरून उचलले जाते. त्या वेळी बार मांड्यांच्या मुळाशी, ओटीपोटाच्या हाडाजवळ घट्ट बसलेला असावा लागतो. लहान मुलाच्या मांड्या बारीक आणि आखूड असतात. बार शेवटच्या खाचेपर्यंत खाली आला तरी त्याच्याखाली पोकळी राहते आणि त्या पोकळीतून मूल वर सरकू शकते किंवा खाली घसरू शकते. हार्नेस खांद्याऐवजी कानाशी आला तर प्रत्येक वळणाला डोके त्यावर आपटते. शिवाय मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि मानेचे स्नायू कच्चे असल्यामुळे त्याच्या मानेला हिसका मोठ्यांपेक्षा जास्त लागतो. 'मी त्याला घट्ट धरून बसेन' या आश्वासनाला इथे काहीही किंमत नाही. त्या वेगात शरीराचे वजन क्षणात दुप्पट-तिप्पट भासते आणि कितीही बळकट हात असला तरी तो मुलाला जागेवर ठेवील याची खात्री देता येत नाही.

तरीही पट्टी जे सांगत नाही, तेही लक्षात घ्यावे. हे मूल या आसनात नीट बसेल, एवढेच ती सांगते. त्याला ते झेपेल का, याबद्दल ती गप्प असते. वर्गातले सर्वांत उंच मूल सर्वांत धीट असेलच असे नाही, आणि उंच मुलांच्या बाबतीत मोठी माणसे हे हमखास विसरतात.

दुसरी पायरी : प्रकृतीची चौकशी

हृदयाचा जन्मजात दोष, फिट येण्याचा इतिहास, मानेचा किंवा पाठीच्या कण्याचा विकार, नुकताच काढलेला प्लास्टर किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांपैकी काहीही असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असतात, त्यामुळे त्यांच्याबाबत हा सल्ला विशेष महत्त्वाचा आहे. दमा असलेल्या मुलाचा पंप सोबत असावा. ताप, जुलाब किंवा कानदुखी आठवडाभरात होऊन गेली असेल तर बेत पुढे ढकलणे शहाणपणाचे ठरते, कारण अंगातले पाणी कमी झालेले असते आणि कानाचा व तोल सांभाळण्याचा संबंध जवळचा आहे.

खानदेशात आणखी एका आजाराचा वेगळा उल्लेख करावा लागतो. नंदुरबार जिल्ह्यात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात भिल्ल, पावरा या समाजांमध्ये सिकलसेलचे (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे) रुग्ण आणि वाहक लक्षणीय प्रमाणात आहेत. अशा रुग्ण मुलाच्या शरीरात पाणी कमी पडले, ते एकदम थंड पाण्यात गेले किंवा फार दमले, तर वेदनेचा झटका येऊ शकतो. मनोरंजन उद्यानाच्या एका दिवसात हे तिन्ही प्रसंग येतात. उन्हातली रांग असते, दिवसभराची धावपळ असते आणि कोस्टरला लागूनच वॉटर पार्क असते. मुलाची तपासणी झालेली नसेल तर ती शासकीय रुग्णालयात आधी करून घ्यावी आणि रोगाचे निदान झालेले असेल तर जावे की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवावे.

तिसरी पायरी : स्वभाव घरच्या घरी पारखणे

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. सुदैवाने त्यासाठी लागणारे सगळे आपल्याकडे फुकट आहे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कडुलिंबाच्या फांदीला झोके बांधले जातात. त्या झोक्यावर मूल बसले की बाजूला उभे राहून पाच मिनिटे नुसते पाहावे. एखादे मूल झोका माथ्यावर जाऊन परत फिरतो त्या क्षणी हसते, मान मागे टाकते आणि "अजून जोरात" म्हणते. दुसऱ्याची बोटे दोरावर पांढरी पडतात, पाय पोटाशी ओढले जातात आणि ते हसत असले तरी डोळे आईला शोधत असतात. पोटात खड्डा पडण्याची जी भावना झोक्याच्या माथ्यावर येते, तीच कोस्टरच्या उतारावर कितीतरी पटींनी येते. ती भावना मुलाला आवडते की नुसती सोसली जाते, हे झोका सांगतो. दुसऱ्या मुलाला धाकदपटशाने धीट करण्याच्या फंदात पडू नये. त्याच्यासाठी अजून वर्षभराचे झोके शिल्लक आहेत, एवढेच समजावे.

पोटाची परीक्षा घाटात होते. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना किंवा तोरणमाळच्या वळणांवर ज्या मुलाला दर वेळी उलटी होते, त्याला गोल फिरणाऱ्या राईड हमखास त्रास देतील. गाडी लागण्याचा त्रास दोन वर्षांखालच्या मुलांना क्वचित होतो, पण शाळेच्या वयात, विशेषतः सहा ते बारा या वर्षांत तो सर्वांत जास्त असतो आणि पुढे बहुतेकांचा कमी होत जातो. त्यामुळे 'मागच्या वर्षी तर काही झाले नव्हते' हा पुरावा पुरेसा नाही. अशा मुलाला कोस्टर पूर्ण वर्ज्य नसतो. वर-खाली जाणारी छोटी राईड अनेकदा त्याला चालते, गोल फिरणारी चालत नाही.

उंचीची भीती जोखायची असेल तर वणीच्या सप्तशृंगी गडावर २०१८ साली सुरू झालेली ट्रॉली हे चांगले ठिकाण आहे. डबा बंद आहे, चाल सावकाश आहे आणि दरी मात्र स्पष्ट दिसते. मूल काचेला नाक लावून खाली पाहते की पाठ फिरवून उभे राहते, हे सहज कळते.

यापुढची परीक्षा फारशी कोणी घेत नाही, पण सुरक्षिततेच्या दृष्टीने मी तिला पहिले स्थान देईन. भीती वाटली की हे मूल काय करते? काही मुले गोठून जातात आणि डोळे मिटून घट्ट धरून राहतात. काही मुले सुटण्यासाठी धडपडतात. केस कापताना खुर्चीतून खाली सरकून पळणारे, इंजेक्शनच्या वेळी तिघांनी धरावे लागणारे आणि 'थांब' म्हटल्यावर न थांबणारे मूल उंचीत बसत असले तरी त्याला या वर्षी कोस्टरमध्ये बसवू नये. चालू राईडमध्ये उठण्याची, बारखालून निसटण्याची किंवा हात बाहेर काढण्याची धडपड ही प्रत्यक्षातली धोक्याची गोष्ट आहे. कोस्टरची फेरी बहुधा एक ते तीन मिनिटांची असते. तेवढा वेळ पाठ टेकून, दांडा धरून, हातपाय आत ठेवून एका जागी बसायचे, हा खेळ घरी खुर्चीवर खेळून पाहता येतो.

चौथी पायरी : जत्रेतली उजळणी, पण डोळे उघडे ठेवून

वैशाखात अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते, चैत्रात धुळ्याला पांझरेकाठी एकविरा देवीची, आणि मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याला तापीकाठी घोडेबाजारासह मोठी यात्रा असते. आकाशपाळणा, ड्रॅगन ट्रेन, ब्रेक डान्स आणि झुलते जहाज हे आपल्या मुलांचे पहिले कोस्टर होत. सरावासाठी त्यांचा उपयोग जरूर करावा, मात्र इथे एक मोठा फरक आहे. जत्रेत उंचीची पट्टी क्वचितच असते आणि असली तरी गर्दीच्या वेळी ती कोणी पाहत नाही. म्हणजे पट्टीचे काम पालकांनाच करावे लागते.

तिकीट काढण्यापूर्वी एक पूर्ण फेरी बाहेरून पाहावी. पाळण्याचे पाय कशावर टेकले आहेत, हे आधी तपासावे. नदीच्या वाळूवर किंवा काळ्या मातीवर नुसते लाकडी ठोकळे रचलेले असतील आणि आदल्या रात्री अवकाळी पाऊस पडून गेला असेल, तर तिथून निघून यावे. सांध्यांमधल्या खिळांना पिना आहेत की त्यांच्या जागी तार गुंडाळली आहे, दाराची कडी लागते की दोरीने बांधली जाते, वायरी उघड्या पडल्या आहेत का आणि चालवणारा माणूस पाळण्याकडे पाहतो की मोबाइलकडे, एवढे पाहायला यंत्राचे ज्ञान लागत नाही. परवाना आणि तपासणीचा दाखला पाहायला मागण्यात संकोच करू नये. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळ झुलणारी राईड मोडून दोन जणांचा जीव गेला, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये मोहालीच्या मेळ्यात उंचावरून राईड कोसळून अनेक जण जखमी झाले. यांतली पहिली घटना कायमस्वरूपी उद्यानातली होती. तेव्हा चकचकीत फाटक दिसले म्हणून ही पाहणी टाळू नये.

मुलाला मांडीवर घेऊन कोणत्याही राईडमध्ये बसू नये, आकाशपाळण्यातही नाही. मोठा माणूस आणि मूल यांच्यात एकच बार असेल तर तो मोठ्यांच्या मांडीवर येऊन थांबतो आणि मुलापाशी वीतभर जागा मोकळी राहते. अशा आसनात मुलाला जवळपास त्याच्याच अंगलटीच्या भावंडासोबत बसवता येत असेल तरच बसवावे. गोल फिरणाऱ्या राईडमध्ये शरीर बाहेरच्या बाजूला ढकलले जाते, म्हणून दोघांना वेगवेगळे बार असतील तेव्हा मोठ्याने बाहेरच्या बाजूला आणि मुलाने आतल्या बाजूला बसावे, म्हणजे मूल चिरडत नाही. झुलत्या जहाजात टोकांना झोका सर्वांत मोठा असतो, त्यामुळे पहिल्यांदा मधली जागा घ्यावी. ओढणी, उपरणे, गळ्यातला ताईत आणि मोकळी वेणी यांची व्यवस्था बसण्याआधी करावी.

पाचवी पायरी : प्रत्यक्ष दिवस

रात्रभर प्रवास करून पहाटे उतरायचे आणि दहा वाजता कोस्टरच्या रांगेत उभे राहायचे, हा आपल्याकडचा ठरलेला बेत आहे. तो मोडावा. जागरण झालेले मूल भित्रे आणि चिडके होते आणि त्याची खरी तयारी दिसत नाही. शक्य असेल तर आदल्या दिवशी मुक्कामाला पोहोचावे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला पाहिलेल्या आपल्या लोकांना उन्हाचे विशेष वाटत नाही, पण घाटाखालच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि मूल लवकर गळून जाते. पाणी थोडे थोडे, वारंवार द्यावे. खाण्याचे म्हणाल तर सोबत आणलेली कळण्याची भाकरी, भरीत आणि शेवभाजी राईडनंतरसाठी राखून ठेवावी. बसण्याच्या दीड-दोन तास आधी केळे किंवा साधी पोळी पुरे. उपाशीपोटी बसवणेही बरे नाही, रिकाम्या पोटीही मळमळते.

दिवसाची सुरुवात सर्वांत सौम्य राईडपासून करावी आणि प्रत्येक राईडनंतर मुलाला 'कसे वाटले?' असे मोघम न विचारता 'कोणता भाग आवडला, कोणता नाही?' असे विचारावे. मोठ्या कोस्टरपाशी आल्यावर रांगेत लगेच शिरू नये. बाहेर उभे राहून दोन-तीन फेऱ्या पाहाव्यात, खडखडाट ऐकू द्यावा आणि उतरणाऱ्या मुलांचे चेहरे पाहू द्यावेत. पुष्कळ मुलांना वेगापेक्षा आवाजाची आणि अंधाऱ्या बोगद्याची भीती जास्त वाटते, आणि बंद दालनातली 'सौम्य' राईड त्यांना उघड्यावरच्या वेगवान राईडपेक्षा जड जाते.

मुलाने 'मी पडेन का?' असे विचारले तर 'काही होत नाही रे' म्हणून उडवून लावू नये. बार कुठे येतो, कर्मचारी तो कसा ओढून पाहतो, पहिल्या चढावाला टकटक आवाज का येतो (गाडी मागे घसरू नये म्हणून खाली खटके बसवलेले असतात, त्यांचा तो आवाज) हे खरे खरे सांगावे. पोटात गोळा येईल, हेही सांगावे. सांगितले त्यापेक्षा जास्त झाले, तर ते मूल पुढच्या खेपेला तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही.

सहावी पायरी : रांगेतला शेवटचा अर्धा तास

बडबडे मूल एकदम गप्प होते, दुसऱ्यांदा लघवीला जायचे म्हणते, पोट दुखते म्हणते, हाताचा तळवा गार आणि ओला लागतो. ही सगळी 'नाही' म्हणण्याचीच रूपे आहेत. काही मुले सरळ बोलून टाकतात : "माले भेव वाटस, माले नही बठनं." असे बोलणाऱ्या मुलाचे कौतुक करावे आणि रांगेतून बाहेर यावे. अगदी आसनात बसल्यानंतरही, गाडी सुटण्यापूर्वी कर्मचाऱ्याला हात केला तर उतरता येते, हे मुलाला आधीच सांगून ठेवावे. ही वाट आहे एवढे माहीत असले, तर पुष्कळदा ती वापरावी लागत नाही.

अडचण येते ती नातेवाइकांची. सुरतेचा मामा "भित्री भागूबाई" म्हणतो, आते-मामेभावंडे चिडवतात आणि मूल लाजेपोटी चढते. लाजेने चढलेले मूल वर गेल्यावर कसे वागेल, याचा भरवसा नसतो. त्यामुळे "दादा, त्याचे घरीच ठरले आहे, तुम्ही फिरून या, आम्ही दोघे इथे थांबतो," असे एका मोठ्या माणसाने स्पष्ट सांगावे. ते माणूस कोण, हेही घरी ठरवून निघावे, म्हणजे खाली थांबणे ही शिक्षा वाटत नाही.

मूल खरोखर उत्सुक असेल, तर पहिल्या वेळी गाडीच्या मधल्या डब्यात बसावे. मागच्या डब्याला उतारावर जास्त ओढ बसते आणि पुढच्या डब्यातून सगळे अंगावर आल्यासारखे दिसते. चष्मा, टोपी, खिशातले खेळणे खाली थांबलेल्याकडे द्यावे. कर्मचाऱ्याने बार लावल्यानंतर तुम्ही स्वतः तो वर ओढून पाहावा. मुलाच्या मांडीवर फट दिसत असेल तर 'चालेल' असे कोणीही म्हटले तरी उतरावे. डोके मागे टेकलेले, दोन्ही हात दांड्यावर, पाय खाली, आणि गाडी पूर्ण थांबेपर्यंत उठायचे नाही, हे चार शब्द शेवटचे सांगावेत. हात वर करून ओरडणे पुढच्या वर्षांसाठी ठेवावे.

सातवी पायरी : उतरल्यावर

लगेच दुसरी फेरी मारू नये, मूल कितीही नाचत असले तरी. सावलीत पंधरा-वीस मिनिटे बसवून पाणी द्यावे. थोडी भोवळ किंवा एखादी उलटी यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र वारंवार उलट्या, न थांबणारी डोकेदुखी, मान हलवताना वेदना, असंबद्ध बोलणे किंवा नेहमीपेक्षा वेगळी गुंगी दिसली तर उद्यानातल्या प्रथमोपचार केंद्रात आणि तिथून डॉक्टरांकडे न्यावे. परतीच्या गाडीत 'झोपला आहे, झोपू द्या' म्हणून रात्रभराचा प्रवास सुरू करू नये. ज्या मुलाला राईड नकोशी झाली, त्याला पुढचे काही दिवस रात्री दचकून जाग येऊ शकते. त्या काळात त्याचा रडतानाचा व्हिडिओ कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये, आणि पुढचा प्रयत्न किमान काही महिन्यांनी, पुन्हा झोक्यापासून सुरू करावा.